गंगारामाला लागलेली हळद

फ्रीजमध्ये बांगड्याच्या कालवणाशेजारी ठेवलेल्या डबीला हात लावायचा नाही, असं किशोरीने घरात सगळ्यांना बजावलं होतं; पण तिचा काका गंगाराम तेव्हा समुद्रावर होता. किशोरी कोल्हापुरात औषधशास्त्र शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. हळदीतलं औषध कातडीवरच बसून राहतं, आत शिरत नाही, म्हणून तिने ते डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक फुग्यांत भरून त्याचं जेल केलं होतं.

होडीवरच्या उन्हाने गंगारामाचं तोंड सोललं होतं. संध्याकाळी पाणी प्यायला फ्रीज उघडला, तर ही डबी. शहरातली क्रीम असणार असं समजून त्याने ती तोंडाला, मानेला, हातांना सढळपणे चोळली. सकाळी साबण झाला, राख झाली, पिवळेपणा काही हलेना.

मासळी थांबणार नव्हती. डोक्यावरून टॉवेल ओढून तो तारकर्लीच्या किनाऱ्यावर लिलावाला उभा राहिला. पन्नाशीचा बिनलग्नाचा माणूस असा पिवळाधमक दिसल्यावर शेजारच्या होडीवाल्या दाजीने पाठ थोपटली, कुणी व्हकल, म्हणजे नवरी, कुठली म्हणून विचारलं. पुतणीची डबी चोरून फासली, हे सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं गंगारामाला वाटलं. लोकांना तो लाजला असं वाटलं. लिलाव संपेपर्यंत नवरी कुणकेश्वरची निघाली आणि तारीखही ठरली.

हसली नाही ती फक्त सुभद्रा. नवरा गेल्यापासून ती गंगारामाचीच मासळी घेऊन मालवणच्या बाजारात विकायची. आज तिने दुसऱ्याचे बांगडे घेतले आणि चालू लागली. गंगाराम मागोमाग धावला.

"किशोरीचा औषध लायलंय गो."

"पन्नाशी आयली तुझी, खोटा तरी नीट बोल." तिचा आवाज चिरकला. "लगीन करतंस तर कर. माका आधी सांगूक काय झाला होता?"

इतक्या वर्षांत त्याला वारा कळला, भरती कळली. हे मात्र कळलं नव्हतं.

घरी किशोरी आधी चिडली, मग पुरळ उठलंय का ते पाहिलं, आणि मग त्याचा हात उजेडात धरून हरखलीच. प्रयोगशाळेत शेळीच्या कातडीने वर्षभर दाद दिली नव्हती, काकाच्या कातडीने एका दिवसात दिली, आणि परवानगीशिवाय माणसावर झालेला हा प्रयोग सरांना सांगायची सोय नव्हती.

"खोबरेल लावन पुसतंय, काका. फिका पडात."

"रवांदे," गंगाराम स्वच्छ सदरा शोधत म्हणाला. "सुभद्रेकडे जावचा आसा. लोकांनी तारीखव ठरवल्यानी. आता व्हकल तेवढी बदलूची रवली."