आजीबाई राहिल्या

भाजी खारट झाली तर परबकाका ‘खारट’ म्हणत नाहीत. घास गिळतात, ताटाकडे बघतात आणि सांगतात, “मिठाचं प्रमाण अधिक असल्याचं निरीक्षण नोंदवण्यात आलं आहे. मात्र भाजीला स्थगिती देण्यास नकार.” मग पुन्हा वाढून घेतात. काकू हे लग्नापासून ऐकत आलेल्या. त्या फक्त पळीभर जास्त वाढतात.

लालबागच्या आमच्या चाळीत परबकाकांची खोली आमच्या खोलीला लागून. एका मराठी दैनिकासाठी हायकोर्टाच्या बातम्या देण्यात त्यांची हयात गेली. आता निवृत्त झाले आहेत, पण जीभ अजून कामावर आहे. मासळीबाजारात कोळीण पापलेटाचा भाव सांगते तेव्हा काका म्हणतात, “निकाल राखून ठेवतो.” आणि खरंच पुढे जातात. बाजारभर फिरून परत तिच्यासमोर उभे राहतात, तेव्हा ती न विचारता मासे कापायला घेते. नळावरची भांडणंही त्यांच्याकडे येतात. दोन्ही बाजू ते इतके तल्लीन होऊन ऐकतात, की तेवढ्यात पाणी जातं आणि भांडणाला कारणच उरत नाही.

कोणालाही वाटेल, माणूस जरा चक्रम आहे. आहेच. पण या चक्रम माणसामुळे मी आज कोर्टाच्या बातम्या देते, आणि ते कसं झालं ते सांगायला हवं.

माझे वडील नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी आईला नोकरी मिळावी म्हणून आम्ही कोर्टात गेलो, आणि हरलो. वकिलांनी बाहेर येऊन “फेटाळलं” एवढंच सांगितलं आणि ते पुढच्या केसला धावले. मी तेव्हा कॉलेजात. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली ती उठेचना. काका त्या दिवशी कोर्टातच होते. ते दोन चहा घेऊन आले, एक आईच्या हातात दिला आणि शेजारी बसले. काका नेहमीच हरलेल्या माणसाला आधी गाठायचे. म्हणायचे, जिंकलेल्याला पेढे वाटायचे असतात, त्याला बातमी नाही वाचली तरी चालतं.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही खोटं बोललात असं कोर्ट म्हणालेलं नाही. अर्ज करायला उशीर झाला, एवढंच म्हणालंय. मी आत होतो. नीट ऐकलंय.”

आईनं त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. केस चालली तेवढे दिवस तिच्या मनात एकच होतं, की आपण खोटारडी ठरणार. नोकरी मिळाली नाही ती नाहीच. तिनं पुढे शिवणकामावर घर चालवलं. पण त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली आणि शांत झोपली. माझी पदवी झाल्यावर मी काकांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला हे काम शिकवा. काका म्हणाले, “अर्ज दाखल करून घेण्यात येत आहे.”

तर हे परबकाका. त्यांना एकच मुलगी, अनघा. लग्न करून ती अमेरिकेत गेली. तिथल्या ज्या राज्यात ती राहते तिथे मैलोन्‌मैल मक्याची शेतं आहेत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं आणि पहिलं मतदान आलं तेव्हा तिनं फोनवर सहज सांगितलं, की मतपत्रिकेत खाली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीपण आहेत. त्यांच्यासमोर दुसरा उमेदवार नसतो. फक्त एवढंच विचारलेलं असतं, की यांना पदावर ठेवायचं का, हो किंवा नाही.

काकांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

“न्यायमूर्तींना लोक मत देतात?”

“हो बाबा. पण कोण कोण आहेत मला काय माहीत. मी तो भाग कोरा सोडणार.”

काका दिवसभर गॅलरीत येरझारा घालत होते. चाळीत ज्याला त्याला थांबवून ही पद्धत समजावत होते. पलीकडच्या खोलीतले सावंत म्हणाले, मग आपल्याकडेपण घेऊ या की मतदान, नळाच्या भांडणांसाठी परबांना ठेवायचं का. काकूंनी मोरीतूनच आपल्या मालवणीत सांगितलं, “माझा मत ‘नको’.”

संध्याकाळपर्यंत काकांचं ठरलं होतं. न वाचता न्यायमूर्तीला ठेवणं चूक आणि न वाचता काढणंही चूक. अनघाला वेळ नसेल तर ते वाचतील. त्या कोर्टाचे निकाल संगणकावर मिळतात म्हटल्यावर त्यांनी मला कामाला लावलं. मी ते काढून द्यायचे आणि काका डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे संध्याकाळ. रोज सकाळी पूजा झाली की फोन लागायचा आणि भिंतीपलीकडून मला परदेशी निकालाची खणखणीत मराठी बातमी ऐकू यायची. शेजाऱ्याच्या मक्यात घुसलेल्या गाईंचं काय झालं. शाळेच्या बसचा अपघात झाला त्यात जबाबदार कोण. न्यायमूर्तींची नावं उच्चारता येईनात म्हणून काकांनी त्यांना आपली नावं दिली. एक चष्मेवाले, पानंच्या पानं लिहिणारे एक लांबण, आणि एक वयस्कर बाई होत्या त्या आजीबाई. आजीबाईंचं मत बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा वेगळं असायचं आणि त्या एकट्याच ते शेवटी लिहायच्या. त्यांचा भाग वाचताना काकांचा आवाज हळू व्हायचा.

अनघा आधी हसायची. मग प्रश्न विचारायला लागली. मग एकदा म्हणाली, बाबा, सरळ सांगा ना, कोणाला हो आणि कोणाला नाही. काका चिडले. बातमीदार बातमी देतो, मत ज्याचं त्यानं द्यायचं, असं त्यांनी तिला ठणकावलं. त्यावर बापलेकीचं भांडण झालं. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, की त्या गाईंच्या निकालात आजीबाईंचं काय म्हणणं होतं ते परत सांगा, मला पटलं नव्हतं. काका इतके खूश झाले की त्यांनी चहा न फुंकता प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

मतदान झालं. सगळे न्यायमूर्ती पदावर राहिले, आजीबाई जरा काठावर. अनघानं कोणाला काय मत दिलं ते तिनं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. पण त्यांनी मालवणी खाजा आणून मजल्यावर घरोघर वाटला. सगळ्यांना वाटलं, अनघाला बाळ झालं. बायका काकूंचं अभिनंदन करायला आल्या. काकूंनी त्यांना दारातच सांगितलं, “बाळ नाय गो. आजीबाय रवली.”

मला वाटलं, संपलं आता. तर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून परत बातमी सुरू. पुढचं मतदान कित्येक वर्षांनी. मी काकांना विचारलं तर म्हणाले, निवडणूक झाली म्हणून कोर्ट बंद होतं का?

पण पुढे ते खरंच बंद झालं. तिकडच्या कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि नवे निकाल येईनात. काका दिवसातून तीनदा माझ्या दारात यायचे. काहीतरी बघ, बाय. जुनं असलं तरी चालेल. त्यांनी फोन करणं थांबवलं होतं. मासळीबाजारात गेले तर पहिल्याच टोपलीपाशी मिळेल ते घेऊन परत आले. मी काकूंना विचारलं, यांना बरं नाही का?

काकू सुरमई साफ करत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं. आधी अनघाचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, हवा कशी आहे, आणि मग दोघंही गप्प. प्रेम होतं, पण बोलायला विषय नव्हता. काका फोन ठेवून खिडकीपाशी जाऊन बसायचे.

“आता कोर्टाक सुट्टी,” काकू म्हणाल्या. “ह्यांका वाटता, फोन करून बोलूचा काय.”

मी घरी जाऊन शोधाशोध केली. आजीबाईंचा एक जुना निकाल सापडला, कुत्र्यावरून भांडलेल्या दोन भावांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापून घेऊन मी काकांकडे गेले. दार उघडं होतं आणि काकांचा फोन वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला, मग उचलला. पडद्यावर अनघा स्वयंपाकघरात उभी होती.

“बाबा, इतक्यात फोन का नाही तुमचा?”

“सुट्टी आहे ना कोर्टाला,” काका म्हणाले. “काही सांगण्यासारखं नाही.”

तिनं फोन ओट्यावर टेकवला आणि सुरी घेतली.

“नसू दे. मी भाजी चिरतेय,” ती म्हणाली. “तुम्ही नुसता फोन चालू ठेवा.”

काकांनी फोन पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केला. दोनदा सरळ केला. मग समोर पाटावर मांडी घालून बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिले. काकू त्यांच्या बाजूला विळीवर बसल्या आणि कांदा घेतला. मी छापलेले कागद तसेच हातात धरून मागे वळले. गॅलरीत आल्यावरही मला ऐकू येत होतं, लालबागेत विळीवर कांदा आणि तिकडे फळीवर सुरी. मधून एकदा काका म्हणाले, “जरा बारीक चीर,” आणि ती म्हणाली, “बरं.”