उडता-उडता पेट्रोल

जेवायला बसलेल्या माणसाचा राग येणारा एकच गृहस्थ आमच्या पांढुर्ण्यात होता, शेजारचे नामदेवकाका. एकटा जीव. "बसले काहून? चालता-चालता खा ना!" असं ते पाहुण्यांनाही सुनावत.

महायुद्धात काका विमानतळावर विमानांत पेट्रोल भरत. स्वातंत्र्यानंतर गावी परतले आणि एके दिवशी वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की आता उडत्या विमानात दुसरं विमान नळीने पेट्रोल भरतं. झालं! "वरचं विमान नळी सोडते, खालचं तिले तोंड लावते. दोघंही एका चालीनं. कोणीच थांबून नाही राहिलं, पाहा!" हे पटवायला त्यांनी सायकल चालवत, शेजारून सायकलवर जाणाऱ्या आमच्या ह्यांना रबरी नळीने ताक पाजलं. ताक कानात गेलं. काका म्हणाले, "चाल बराबर होती, तुमचं तोंड चुकलं."

पुढे राज्यांची नवी आखणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, आणि ह्यांची नागपूरची नोकरी भोपाळला हलली. घरात मी आणि तापाने फणफणलेली तान्ही मुलगी. तिला खांद्यावर घेऊन चालत राहिलं तरच तिचा डोळा लागे; थांबलं की किंकाळी. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोप मिळाली तरच पोर सावरेल. दुपार झाली तरी माझ्या पोटात घास नव्हता.

तेवढ्यात काका ताटलीत पिठलं-भाकर घेऊन आले. "थांबू नोको, पोरी. मी भरून राहिलो." आणि माझ्या शेजारून, माझ्याच चालीने अंगणभर फिरत ते घास भरवू लागले. माझ्या हनुवटीला पिठलं, त्यांच्या सदऱ्याला पिठलं. मुलगी मात्र गाढ झोपली. त्या झोपेनेच ती वाचली, आणि काकांचे ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

फिरता फिरता मी हळूच विचारलं, "काका, हे येड लागलं कुठून तुमाले?"

चाल न मोडता ते म्हणाले, "लढाईत एक पोरगं विमान घेऊन परत येऊन राहिलं होतं. मले दिसत होतं थे. टाकी कोरडी पडली त्याची. खाली मी नळी धरून उभा होतो, बाई. भरलेली नळी. थे पोचलंच नाही."

आणि त्यांनी पुढचा घास केला. माझं पोट केव्हाच भरलं होतं. तरी ताटली रिकामी होईपर्यंत मी नको म्हटलं नाही.