मेश्राम सरांचा दीड तास

मेश्राम सरांना ताऱ्यांच्या वतीने राग येतो. वडशाच्या कॉलेजात आम्ही दोघं भौतिकशास्त्र शिकवतो. ते कायम, मी तासिका तत्त्वावर. स्टाफरूममध्ये कोणी ‘लुकलुकणारे तारे’ म्हणालं, की सर खुर्ची मागे सारून उठतात. “तारे लुकलुकत नाईत! हवा हलते! त्यायची बदनामी काऊन करता?” मराठीच्या मॅडम आता चंद्राचं नावसुद्धा जपून घेतात.

सर शेजारच्या दीर्घिकांमधल्या जोडताऱ्यांचे क्ष-किरण अभ्यासतात. उपग्रहांनी टिपलेली माहिती इंटरनेटवर सगळ्यांना खुली असते. सर ती उतरवून घेतात, आणि नेट अडकलं की राउटरला खडसावतात. जोडी म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी भांडणाच्या सुरात सांगितलं. “एक तारा मेलेला, एक जिवंत. मेलेला जिवंताचा वायू ओढून राह्यला. मिलच्या नरसाळ्यात धान उतरते तसा तो वायू फिरत फिरत पडते, इतका तापते का क्ष-किरण फेकते. सरळ लूट आहे! अन् कोणी बोलून नाई राह्यलं!”

मी तर मुळीच बोलले नाही. त्याचाही त्यांना राग. “ए इंग्लिश मीडियम, तोंडाले कुलूप काऊन? प्रश्न विचार!” विचारला, तर “हा का प्रश्न आहे?” परतीच्या बसमध्ये मी त्यांना मनातल्या मनात फार सडेतोड उत्तरं द्यायचे.

वाणिज्यच्या एका सरांनी एकदा त्यांच्यापुढे कुंडली धरली. “सर, साडेसाती कधी संपन?”

“मी दुसऱ्या दीर्घिकेत असतो, भाऊ! इथचं प्राचार्याले विचारा!”

तीन वर्षं सरांचा जीव एकाच जोडीवर होता. ती दर दीड तासाने मंदावते, असं त्यांना सापडलं होतं: जिवंत तारा मेलेल्याच्या समोर येऊन त्याला झाकतो, म्हणून. शोधनिबंध सोमवारी पाठवायचा होता. प्राचार्यांनी सत्काराची शालही आणून ठेवली होती. इंग्रजी सुधारायला निबंध माझ्याकडे आला.

इंग्रजी ठीक होतं. पण ती माहिती टिपणारा उपग्रह पृथ्वीभोवती साधारण दीड तासातच फिरतो. दर फेरीत पृथ्वी मध्ये येते आणि त्याला तारा दिसतच नाही. तेवढ्या जागा कोऱ्या सोडायच्या असतात. सरांनी तिथे शून्य भरलं होतं. मी त्या जागा वगळून आलेख पुन्हा काढला. जोडी कुठेच मंदावत नव्हती.

सोमवारी सकाळी मी आलेख त्यांच्या टेबलावर ठेवला.

“हे का आहे?”

“सर, तो दीड तास... उपग्रहाच्या फेरीचा आहे.”

“तीन वर्ष पाहून राह्यलो मी! अन् तू कालची पोरगी!” प्रयोगशाळेतल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. “कधी समजलं तुले?”

“शनिवारी.”

“अन् आज सांगते? दोन दिवस काऊन गप्प बसली?”

“तुम्ही फार खूश होता, सर.”

“मले खूश ठेवाले शाल आहे ना!”

मग ते खाली बसले. माझा प्रत्येक आकडा त्यांनी बोट ठेवून वाचला. मी उभीच.

“मी इथी आल्यापासून,” ते म्हणाले, आणि आवाज इतका लहान होता की मला पुढे झुकावं लागलं, “माझा एक आकडा कोणी तपासला नाई. बरोबर आहे का चूक, विचारलं नाई. सत्कार करतात.”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “याच्या आधीच्या दोन जोड्या आहेत. त्याही तपास.”

“त्यांच्यातही चूक निघाली तर?”

“तं मी रागावन,” सर म्हणाले. “तू तपासत राह्य.”