होडीतली खुर्ची

रविवारी भाट्याला जायचं आप्पांनी ठरवलं, तेव्हा घरातल्या पुरुषांना ती सहल वाटली. सून सगुणेला मात्र ठाऊक होतं, पुरुषांच्या सहलीत बायकांना नेतात ते वाढायला. पहाटे उठून रांधायचं, डबे वाहायचे, खाडीपलीकडे सुरूच्या बनात पंगत वाढायची आणि खरकटी भांडी घरी आणून घासायची. याला आपल्याकडे विश्रांती म्हणतात. कोणाची, ते विचारायचं नाही.

या खेपेला तिने नवऱ्याला, हरिश्चंद्राला, आधीच गाठलं. शिमग्याचे पाहुणे तृप्त होऊन गेले होते आणि त्या खुशीत "माग काय हवं ते" असं तो बोलून बसला होता.

"रांधून आणीन," सगुणा म्हणाली. "पण राजिवड्याच्या धक्क्यावर माझं काम संपलं. तिथून घरी येईपर्यंत मी खुर्चीवर बसणार. कोणासाठी उठणार नाही."

"कुठल्या खुर्चीवर?"

"घरात किती आहेत?"

एकच होती, वेताची. तिच्याशी बायकांचा संबंध झटकण्यापुरता.

धक्क्यावर हरिश्चंद्राच्या डोक्यावर खुर्ची पाहून आप्पा सुखावले. "माझ्या पाठीची आठवण ठेवलीस हो," म्हणाले. खुर्ची नावाडी अलीच्या होडीत मधोमध ठेवली गेली. सगुणा चढली आणि पदर सावरून तीवर बसली.

आप्पांचा एक पाय होडीत होता. तो त्यांनी परत धक्क्यावर घेतला.

"सासऱ्यादेखत सून खुर्चीवर? आणि मी खाली फळीवर? हरी, तिला उठव."

"सगुणा, जरा—"

"शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय, पण आप्पांसमोर नव्हता दिला."

"आप्पानू, पाणी उतरताय," अली म्हणाला. "भांडण पलीकडे जाऊन करा."

आप्पा हलेनात. होडीत आधीच टोपली घेऊन बसलेली दुसरी उतारू मैमुना सुपारी कातरत म्हणाली, "सुनेकडे बघूचा नसेल तर दर्याकडे बघा. त्याच्यासाठीच चाललाव ना?"

शेवटी तोडगा निघाला. सगुणेने आप्पांकडे पाठ करून बसायचं, म्हणजे अपमान समोरून दिसणार नाही. आप्पा चढले, पण तोवर ओहोटी खाडी अर्धी ओढून घेऊन गेली होती. मध्यावर येताच होडी खालून खरवडली आणि गाळात रुतली.

"उतरा सगळे बापये," अली म्हणाला. "ढकला."

"आधी खुर्ची बाहेर टाक," आप्पा म्हणाले.

"खुर्चीचा वजन केवढासा?" मैमुना म्हणाली. "होडी मानापानाने रुतली."

हरिश्चंद्र आणि अली मांडीभर चिखलात उतरले. होडी हलली नाही. एका अंगाला चिखल, दुसऱ्या अंगाला खोल पाणी. चालत जायची सोय नव्हती.

"आता?" हरिश्चंद्राने विचारलं.

"आता संध्याकाळची भरती," अली म्हणाला आणि तोंडावर टोपी ओढून आडवा झाला.

होडीच्या तळाशी पाणी झिरपून फळ्या भिजल्या होत्या. कोरडी जागा एकच होती आणि तिच्यावर सगुणा होती. फळीवर बसायचं नाही म्हणून आप्पा डोलकाठी धरून उभे राहिले. ऊन चढलं. भूक लागली. सगळे सगुणेकडे पाहू लागले.

"डबा तिथे आहे," ती म्हणाली.

हरिश्चंद्राने जन्मात पहिल्यांदा वाढलं. घावणे फाडले, चटणी सांडली आणि पहिलं पान हातात धरून बापाकडे बघावं की बायकोकडे, या विचारात तो उभा राहिला.

"जिने रांधलान तिला दे," मैमुना म्हणाली. "आम्ही काय सांगणार नाय कोणाला."

त्याने पान सगुणेला दिलं. आप्पांनी दर्याकडे पाहिलं.

दुपारनंतर आप्पांचे पाय थरथरायला लागले. "ऊठ गं," हरिश्चंद्र कुजबुजला. "म्हातारा माणूस आहे." सगुणेलाही ते दिसत होतं. तिने वेताचे हात घट्ट धरले. आज उठली तर पुन्हा कधी बसायला मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आप्पा," वळून न बघता ती म्हणाली, "जेवताना यांनी शेजारी पंगतीची चटई टाकलीय, खाली डब्याचं फडकं घालून. टेकायला खुर्चीचा पाय आहे."

आप्पा बराच वेळ तसेच उभे राहिले. मग कोणी बघत नाही असं बघून खाली बसले, खुर्चीच्या पायाला पाठ लावली आणि घोरू लागले.

सूर्य कलला तशी भरती आली आणि होडी आपसूक उचलली गेली. भाट्ये राहिलं भाट्याच्या जागी. अलीने होडी राजिवड्याला परत लावली. मैमुना उतरली, डबे उतरले.

"ऊठ, सगुणा. आलो."

सगुणेने ओठांवर बोट ठेवलं. आप्पांचं डोकं आता तिच्या गुडघ्यावर कललं होतं.

"उठले तर जागे होतील," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा. चूल पेटवा, चहाचं आधण ठेवा. आणि भांडी भिजत घाला."

हरिश्चंद्राने अलीकडे पाहिलं. अली दोर बांधण्यात गढला होता. मग त्याने खरकट्या भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि धक्क्याच्या पायऱ्या चढू लागला.

तो दिसेनासा झाल्यावर आप्पांनी एक डोळा उघडला.

"साखर जास्त घालायला सांगायचं होतंस," ते म्हणाले आणि डोळा पुन्हा मिटला.