भगवानराव हयातीत भिंतीस चढले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके अठराशे ऐंशी, विलंबीनाम संवत्सरी, पौष मासी, कसबे पनवेल येथील हायस्कुलात जो संग्राम जाहला, त्याची हकीकत कित्येक लोक भलतीच सांगतात, आणि ज्यांस त्या दिवशी चहा मिळाला नाही ते तर त्याहून भलती सांगतात. सबब आम्ही समक्ष हजर राहून, बटाटेवडे भक्षून, जे पाहिले तेच लिहिले असे.

राजश्री भगवानराव, वस्ती मौजे रोडपाली, पिढीजात मिठागरवाले. हे पूर्वी मुंबईस कॉलेजात असता शंभर यार्डांच्या शर्यतीत ऐसे धावले की मागील सर्व फौज धूळ खात राहिली, आणि विद्यापीठाचा पेला जिंकून आणिला. पुढे मिठाचा व्यापार आणि मातोश्रींच्या हातचे भात-सुकट यांचे योगे स्वारीचे पोट फार विस्तारले, आणि गिऱ्हाइके पुसू लागली की शेठ, तुम्ही धावलात ते बैलगाडीत बसून काय? तो सवाल भगवानरावांचे काळजास फार झोंबे.

मग हेडमास्तर दिनानाथपंत यांनी मसलत केली की शाळेच्या माजी शूर खेळाडूंच्या तसबिरी लावून कीर्तिदालन उभारावे, आणि पहिला मान भगवानरावांस द्यावा. व्यायामाची खोली मुकरर जाहली, जेथे एका भिंतीवर शाळेचे कैलासवासी संस्थापक ओळीने विराजमान होते आणि शेजारी एक खिळा आयता रिकामा होता. मुनाफभाई फोटोवाले यांनी कॉलेजातला जुना फोटो मोठा करून गाल गुलाबी रंगविले. ताजी फुले कोमेजतात, सबब काटकसरी पंतांनी चंदनाचा हार आणविला, आणि उदबत्तीचा हुकूम सवयीने आपोआप सुटला.

समारंभाचे दिवशी मातोश्री चंद्रावतीबाई नवे लुगडे नेसून, आळीतील बायांची कुमक घेऊन, एस.टी.ने दाखल जाहल्या. पडदा सरला. भिंतीवर लेक, गळ्यात चंदनाचा हार, पुढे उदबत्ती, शेजारी सर्व स्वर्गवासी, आणि अख्खी सभा हात जोडून स्तब्ध उभी. बाईंनी जी आरोळी ठोकिली ती कर्नाळ्याच्या सुळक्यास पोचली असावी ऐसा आमचा अदमास आहे.

“माजा पोर जिता हाय! त्याच्या फोटूला हार कोनी घातला?”

मग एकच गर्दी उडाली. बायांची फळी चालून गेली, पाहुण्यांनी टेबलाआड आश्रय धरिला, हार तुटला, उदबत्ती चहाच्या कपात बुडाली, आणि बाईंनी तसबीर कबजात घेऊन, पदराखाली घालून, जमिनीवर ठाण मांडिले. पंतांनी अर्ज केला की हा सन्मान आहे. अर्ज नामंजूर जाहला. खासे भगवानराव हयात उभे आहेत हे पुराव्यादाखल दाखविले. बाईंनी फर्माविले की म्हणूनच तो भिंतीवर जाणार नाही. मुनाफभाई वकील होऊन गेले आणि मावशीचे नाते लावून खालाजान, खालाजान करू लागले, तो त्यांसच गुलाबी गालांचा जाब पुसला गेला, सबब तेही माघारी फिरले.

पंत खचले, आणि तसबीर घरी पाठवावी ऐसे ठरू लागले. तेव्हा भगवानराव मातोश्रींपुढे मांडी घालून बसले, आणि त्या बसण्यात सदऱ्याची बटणे धारातीर्थी पडली.

“आये, ऱ्हाऊ दे गो. मी धावायचो, त्ये कोनाला खरा वाटत नाय.”

सभेत कोणी हसले नाही, आम्हीही नाही.

बाईंनी तसबीर पदराखालून काढिली आणि त्यातील कोवळे मुख पदराने पुसले. मग तहाची कलमे सांगितली: हार नको, उदबत्ती नको, आणि मयतांची भिंत तर नकोच, समोरची, खिडकीलगतची द्यावी. पंतांनी सर्व कबूल केले आणि तसबीर चढली. मग बाईंनी आपल्या डोळ्यांतील काजळ बोटावर घेऊन, काचेवरून लेकाच्या गालास ठसठशीत तीट लाविली, कारण दृष्ट लागते ती जित्या माणसासच, आणि सभेकडे वळून विचारिले:

“वाऱ्यावानी धावायचा माजा पोर. मी बगितलाय. कोन नाय म्हनतो?”

पंतांनी तत्काळ हुकूम काढिला की काच रोज पुसावी, परंतु तीट पुसणारास या शाळेत थारा नाही. ऐसे रोडपालीकर भगवानराव हयातीत भिंतीस चढले, आणि मातोश्रींनी एक हायस्कूल जिंकिले, हे दफ्तरी नमूद जाहले असे.