रानडुकराचा खड्डा आणि सुगंधाबाईंचं हायड्रेंजिया

तर मुलांनो, तोंडातली बोटं काढा आणि ऐका. एका जंगलात, म्हणजे झाडं कमी आणि ऊनच जास्त अशा माळावरच्या जंगलात, दगडोजीराव नावाचे एक रानडुक्कर राहत होते. त्यांच्या बायकोचं नाव सुगंधाबाई. हसू नका. नाव आईबाप ठेवतात, वास ज्याचा त्याला येतो.

दगडोजीरावांची दौलत एकच. ओढ्याकाठी, जुन्या उंबराखाली, चिखलाचा एक खड्डा. तिथं सकाळी कोवळं ऊन यायचं, दुपारी गर्द सावली असायची आणि माती कायम ओली. डुकराला घाम येत नाही, मुलांनो. उन्हाळ्यात चिखल मिळाला नाही तर ते नुसतं भाजून निघतं. म्हणून चैत्र लागला की दगडोजीराव खड्ड्यात उतरत आणि जेवणापुरते बाहेर येत.

एका हिवाळ्यात सुगंधाबाई घाटमाथ्यावर धाकट्या बहिणीकडे, चंपाताईंकडे, जाऊन आल्या. तिथं धुकं, गारवा आणि जिथं तिथं हायड्रेंजियाची झुडपं. त्यांना कोबीच्या गड्ड्याएवढे निळे गेंद येतात म्हणे. सुगंधाबाई परतल्या त्या तोंडात रोप धरूनच.

"अहो, हे आपल्या दारात लागलंच पाहिजे."

सल्ल्याला साळिंदर आलं. त्यानं जंगलातली निम्मी मुळं खाल्ली होती, म्हणून झाडांतलं त्याला फार कळतं असा समज होता.

"वहिनी, हे थंड हवेतलं झाड. आपल्या उन्हात दुपारपर्यंत मान टाकेल. त्यापेक्षा कण्हेर लावा. लाड नकोत, काही नकोत."

"कण्हेर!" सुगंधाबाईंनी नाक मुरडलं. रानडुकराचं नाक एकदा मुरडलं की बराच वेळ सरळ होत नाही. "कण्हेर काय, कुणाच्याही दारात असते."

"मग सकाळचं ऊन हवं, दुपारची सावली हवी. माती ओली हवी, पण पाणी साचता कामा नये. अशी जागा इथं एकच आहे," असं म्हणून साळिंदर दगडोजीरावांची नजर चुकवत निघून गेलं.

दगडोजीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मग मी कुठं जाऊ?"

"तुम्हाला एवढं जंगल पडलंय. त्या बिचाऱ्या रोपाला दुसरी जागा आहे का?"

दगडोजीराव कामाला लागले. त्यांनी स्वतःच्याच सुळ्यांनी चर खणून खड्ड्यातलं पाणी काढून दिलं. वर पालापाचोळा भरला. रोप लागलं तेव्हा त्यांना खरोखरच रडू आलं. विचारणाऱ्यांना त्यांनी डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगितलं.

चैत्रात रोप तरारलं आणि दगडोजीरावांच्या पाठीला भेगा पडल्या. ऊन जरा तिरपं झालं की हाक यायची, "अहो, इकडं उभे राहता का? पानांवर तिरीप येतेय." ते उभे राहत.

मग फुलं आली. गुलाबी आली.

"चंपाची तर निळी असतात!" सुगंधाबाई हादरल्या.

"आपल्या मातीत आंबटपणा कमी पडतो," साळिंदर म्हणालं.

सुगंधाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं तुम्ही त्या मातीत लोळलात. दुसरं काय होणार?"

वैशाखात चंपाताई आल्या. सोबत त्यांचे यजमान रंगराव, दगडोजीरावांचे साडू. सुगंधाबाईंनी बहिणीला उंबराखाली नेलं.

"अगंबाई, हे होय?" चंपाताई म्हणाल्या. "आमच्याकडे याला कुणी तोंडही लावत नाही. मी तर मागच्या खेपेला तुझ्या माळावरचा निवडुंग नेला. काय रुबाब गं त्याचा! पण धुक्यात कुजायला लागला. शेवटी आमच्या कपारीतली एकुलती एक कोरडी, उन्हाची जागा त्याला दिली."

"आणि साडूभाऊ कुठं झोपतात?" दगडोजीरावांनी हळूच विचारलं.

"हे ना? बाहेर."

रंगराव शिंकले. त्यांच्या पाठीवर शेवाळ चढलं होतं.

दोघा साडूंनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नात्यात ते पहिल्यांदाच मनापासून बोलले.

"इथं ऊन किती वेळ असतं हो?"

"दिवसभर."

"दिवसभर!" रंगरावांनी तिथल्या तिथं अंग टाकून दिलं आणि पाठ उन्हाला केली.

"तुमच्याकडे दाराबाहेर," दगडोजीराव जवळ सरकले, "चिखल असतो?"

"चिखलाशिवाय काही नसतंच."

त्याच संध्याकाळी दगडोजीराव चंपाताईंच्या मागोमाग घाट चढायला लागले. रंगराव माळावर राहिले. बहिणींनी हरकत घेतली नाही. झाडाच्या राखणीला कुणीतरी हवं, एवढंच त्यांचं म्हणणं.

नवरा एकदा तरी वळून बघेल असं सुगंधाबाईंना वाटलं होतं. तो वळला नाही. दोन दिवस त्यांना चुकल्यासारखं झालं, जेवणही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की रंगराव अंगानं जास्त रुंद आहेत आणि त्यांची सावली अख्ख्या झुडपाला पुरते.

आता तात्पर्य, आणि हे पाठ करा: आपल्या हवेला कोणतं झाड मानवेल याचा विचार करत बसू नये. झाड आवडेल ते आणावं. हवेला मानवणारा नवरा तेवढा पारखून घ्यावा.