कॅल्शियमचा खण

मणियार मास्तरांपुढे चिवड्याची बशी ठेवली, की ते आधी ती निवडायला बसायचे. शेंगदाणे एकीकडे, डाळं दुसरीकडे, खोबऱ्याचे काप कडेला, मिरचीचे तुकडे बशीच्या बाहेर आणि मधोमध उघडेबोडके पोहे. एवढं झालं, की मग एकेक ढीग संपवायचा. शाळेत नवीन आलेल्या शिक्षकाला वाटायचं, यांना दातांचा काही त्रास असावा. मास्तर मान वर न करता खुलासा करायचे, "चिवडा हे मिश्रण आहे. मिश्रणातले घटक हातानं वेगळे करता येतात. येतात म्हणून करावेत."

चहापुढे मात्र त्यांचा इलाज चालत नसे. "हे द्रावण झालं," ते खिन्नपणे म्हणत, "आता आटवल्याशिवाय साखर काही परत मिळायची नाही." आणि बशीत ओतून पिऊन टाकत.

हे आमचे सायन्स टीचर. मी त्याच हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. हायस्कूल नगरातलं, नाव सांगत नाही, कारण तिथले बरेचसे लोक अजून हयात आहेत आणि तापट आहेत. रसायनशास्त्राशी माझा संबंध रंगाच्या डब्यांपुरता. पण मास्तरांना बाटल्यांवर लावायला सुबक अक्षरांतल्या चिठ्ठ्या लागत, त्यामुळे त्यांच्या तावडीत मी इतरांपेक्षा जास्त सापडलो. ते मला "ड्रॉइंगमास्तर" म्हणत. हाक मारली की समजावं, कुठलं तरी मूलद्रव्य गावात आलंय.

'खालिस' हा त्यांचा लाडका शब्द. दूधवाल्याला विचारणार, "खालिस आहे का?" ते एक वेळ ठीक. पण हेडमास्तरांनी आजारपणाची रजा टाकली तेव्हा भर स्टाफरूममध्ये विचारलं, "ताप खालिस आहे ना, साहेब?" त्यांच्या मनात थट्टा नव्हती. ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं काही या जगात आहे का, याचा ते शोध घेत होते, आणि नगरसारख्या गावात तो शोध घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला भांडणंच फार येतात.

आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला सांगितलं, "मिश्रण झालं की संयुग, ते वर्षभरानं कळेल." वधूपक्षाच्या भुवया चढल्या. तेव्हा मास्तरांनी ते आणखी समजावून सांगितलं. "हे बघा, सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हुंगला तर जीव घुसमटतो. दोघंही घरात ठेवण्याच्या लायकीचे नाहीत. पण संयोग झाला की त्यांचं मीठ होतं, आणि त्याच्यावाचून घास उतरत नाही." आशीर्वाद उत्तम होता. फक्त या दोघांतला सोडियम कोण, यावरून मांडवात तासभर बाचाबाची चालली.

मास्तरांच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. लढाईच्या दिवसांत माल येईना, दुकान बंद झालं, आणि बांगड्यांचं भिंतभर कपाट मास्तरांनी हातगाडीवर घालून शाळेत आणलं. त्याला नुसते खणच खण. वडील बांगड्या कशा लावायचे हे ते वर्गात सांगत. आडव्या ओळीत माप वाढत जायचं, उभ्या ओळीत रंगाचं घराणं एक. वरची हिरवी लहान, खालची हिरवी मोठी, पण दोन्ही हिरव्याच. "आवर्तसारणी म्हणजे हेच," मास्तर म्हणत. "आडवं जाल तसा अणू जड होत जातो, उभं उतराल तर स्वभाव तोच. लिथियमच्या खाली सोडियम, सोडियमखाली पोटॅशियम. एकाच घरातली तापट भावंडं." पोरांना हे चटकन समजे. त्यांच्या आया याच कपाटापुढे बसून बांगड्या भरत आल्या होत्या.

सुताराकडून काही खण वाढवून घेऊन मास्तरांनी त्या कपाटाची सारणी केली. दर मूलद्रव्याला एक खण, आणि त्या खणात ते मूलद्रव्य प्रत्यक्ष, खालिस. कपाटाच्या माथ्यावर त्यांनी माझ्याकडून एक पाटी रंगवून घेतली: 'खण रिकामा चालेल, खोटा चालणार नाही.'

या कपाटावर शाळेचं बरंच काही अवलंबून होतं. मॅट्रिकपर्यंत सायन्स शिकवायचं तर सरकारी मंजुरी हवी, मंजुरीला प्रयोगशाळा हवी, आणि आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक स्टोव्ह, चार चंबू आणि हे कपाट. इन्स्पेक्टर येऊन बघणार होते. त्यांना पसंत पडलं तर वर्ग सुरू, नाहीतर मणियार मास्तर पुन्हा खालच्या वर्गांना पाढे शिकवायला. पाढ्यांचं नाव काढलं, की त्यांचा चेहरा चहाच्या वेळी होतो तसा व्हायचा.

त्यामुळे ते इरेला पेटले. कलईवाल्याकडून कथील आणलं, दवाखान्यातून मोडक्या थर्मामीटरचा पारा आणला, तांबट आळीतून तांब्याची पट्टी आणली. सोन्यासाठी सराफाकडे गेले आणि ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत विचारलं, "यात तांबं किती घालता?" सराफ त्यांना पेठेच्या टोकापर्यंत पोचवायला आला, तोही अनवाणी आणि ओरडत. हेडमास्तरांनी मोठ्या मनानं स्वतःची अंगठी देऊ केली. मास्तरांनी ती खिडकीजवळ नेऊन बघितली आणि परत दिली. "मिश्रण आहे," म्हणाले. हेडमास्तरांच्या सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी होती ती. सोन्याचा खण रिकामाच राहिला.

वायूंच्या खणांत लाखेनं बूच बंद केलेल्या बाटल्या होत्या. बघणाऱ्याला त्या रिकाम्या दिसत. "यात काय आहे?" "नायट्रोजन." "दिसत नाही." "दिसला असता तर नायट्रोजन नसता."

रॉकेल रेशनवर मिळायचं. सोडियम रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो, म्हणून मास्तर आपल्या वाट्यातलं रॉकेल शाळेत घेऊन येत आणि घरी अंधारात बसत. "दिवा कुणासाठी लावू?" ते म्हणत. "कुणाचं तोंड बघायचंय मला?" त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

लढाईच्या शेवटी जपानवर बाँब पडला आणि आमच्या कपाटाकडे लोक एकदम संशयानं बघायला लागले. मास्तरांकडे अणू आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुजबुज भिंगारच्या लष्करी छावणीपर्यंत गेली, आणि एका दुपारी एक हवालदार शाळेत आला.

"मास्तर, तुमच्या कपाटात त्यो बाँबातला अनू हाय म्हनं?"

"युरेनियम म्हणायचंय तुम्हाला. त्याचा खण आहे. हा बघा, शेवटचा."

हवालदारानं लांबूनच वाकून बघितलं. "ह्यो तर मोकळा हाय."

"मोकळाच आहे."

"मंग कुनी नेला?"

"नेला नाही कुणी. आलाच नव्हता."

"आला न्हवता तर जागा कशापायी करून ठिवली?"

"पाहुणा यायचाय म्हणून पाट मांडून ठेवतो की नाही आपण?" मास्तर म्हणाले. "आणि हवालदारसाहेब, अणू काय, सगळीकडेच असतात. तुमच्या टोपीतसुद्धा आहेत."

हवालदारानं टोपी काढली, आतून नीट बघितली, आणि ती हातभर अंतरावर धरून उन्हातून बोडक्यानं भिंगारला गेला. पुढे त्या पाहुण्याची चौकशी झाल्याचं ऐकिवात नाही.

इन्स्पेक्टरांची तारीख ठरली, तेव्हा मी सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं रंगवायला घेतल्या आणि प्रथमच एकेक खण नीट पाहिला. कॅल्शियमच्या खणात एक छोटी बाटली होती. बुचाला लाख. आत वर पाणी आणि तळाशी पांढरा साका. कॅल्शियम हा धातू असतो, एवढं मास्तरांच्या सहवासात मलाही कळू लागलं होतं.

"मास्तर, हे काय?"

"कॅल्शियम."

"पांढरा?"

"संयुगात आहे," ते घाईनं म्हणाले आणि माझ्या हातातली बाटली काढून घेऊन होती तशी ठेवली.

मला एवढा आनंद झाला की विचारू नका. हेडमास्तरांच्या सासऱ्यांना भेसळ ठरवणारा माणूस स्वतः भेसळीत सापडला! स्टाफरूममध्ये बातमी पोचायला वेळ लागला नाही. अंगठीचा राग अजून ताजा असलेले हेडमास्तर तर खुलून गेले. "काय मास्तर, खण रिकामा चालेल म्हणे?" मास्तर खाली मान घालून शेंगदाणे वेगळे करत राहिले.

इन्स्पेक्टर पुण्याचे. किरकोळ देहयष्टी, जाड चष्मा, आणि आमच्या दुर्दैवानं रसायनशास्त्राचेच पदवीधर. कपाटापुढे उभे राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळायला लागला. रिकाम्या खणांवर खूश झाले. सोन्याच्या खणापुढे थांबून, "घेतलं नाहीत का कुणाचं?" असं विचारून हसले. हेडमास्तरांनी अंगठीचा हात खिशात घातला. आणि मग इन्स्पेक्टरांनी ती बाटली उचलली, उजेडात धरली, हलवली. तळचा साका उठला, पाणी दुधाळ झालं.

"हा खडू आहे."

"होय, साहेब."

"मूलद्रव्य नाही हे."

"नाही, साहेब."

इन्स्पेक्टरांनी मान वर करून मी रंगवलेली पाटी मोठ्यानं वाचली. "वाक्य तुमचंच ना?"

"माझंच."

"मग काढा ही. बाकी उत्तम आहे. एवढी काढलीत की मी लगेच सही करतो."

"नाही, साहेब."

हेडमास्तरांना घाम फुटला. एका बाटलीसाठी मंजुरी जात होती आणि मास्तर पाढ्यांकडे निघाले होते. मी मागून त्यांचा कोट ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि वर्गात बोलावं तसं बोलायला लागले.

"चुन्याच्या निवळीत श्वास फुंकला की त्यातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि खडूचा साका होतो. पोरं दर वर्षी करतात हा प्रयोग. करतात आणि बाटल्या धुऊन ठेवतात. ही धुतली नाही."

"का?"

"माझ्या बायकोनं फुंकलीय ती."

मास्तर कपाटाकडे बघत सांगत होते. "लग्नाचं पहिलं वर्ष. मला म्हणाली, तुम्ही दिवसभर शाळेत करता तरी काय? मी तिच्या पानदानातला चुना घेतला, निवळी केली, गव्हाची काडी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, फुंक. पाणी पांढरं झालं तशी ओरडली, 'उई मा! मेरी फूँक का दूध हो गया!' सगळं घर गोळा केलं. मी सांगितलं, दूध नाही गं, खडू आहे. तिला काही पटलं नाही. आणखी फुंकायला निघाली. जास्त फुंकलं की ते परत निवळ होतं, म्हणून मी काडी काढून घेतली. पुढं तापानं गेली. आमच्यात बायकांचे फोटो काढायची रीत नव्हती. तिचं एवढंच राहिलंय, साहेब. हे खालिस नाही, मला माहीत आहे."

इन्स्पेक्टरांच्या हातातल्या बाटलीत साका पुन्हा खाली बसत होता. शेवटी ते अगदी कोरड्या, सरकारी आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमचा खण चुकलाय."

मास्तरांनी चमकून वर पाहिलं. त्यांची चूक काढणारा माणूस आजवर भेटला नव्हता.

"यातला कॅल्शियम पानदानातल्या चुन्याचा. तो कुठल्याही टपरीवर मिळेल. श्वासातून आला तो कार्बन. ही बाटली कार्बनच्या खणात हवी."

मास्तर विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "ऑक्सिजनही तिचा आहे, साहेब. तीनातले दोन अणू."

"असतील. पण बाटली एकच आहे, मास्तर."

मास्तरांनी कार्बनच्या खणातला कोळसा बाजूला सरकवला, रुमालानं खण पुसला, परत पुसला, आणि बाटली आत ठेवली. कॅल्शियमचा खण रिकामा झाला. इन्स्पेक्टरांनी पाटीकडे एकवार बघितलं आणि सही केली. त्या क्षणी मला मास्तरांविषयी इतकी माया दाटून आली, की त्यांचा कोट पुन्हा ओढावासा वाटला, उगीचच.

नंतर स्टाफरूममध्ये चहा-चिवडा झाला. मास्तरांपुढे बशी आली. आम्ही सगळे सवयीनं त्यांच्या बोटांकडे बघत होतो. त्यांनी मूठ भरली आणि पोहे, डाळं, शेंगदाणे, मिरची, सगळं तसंच तोंडात टाकलं. मग खिशातून तोच रुमाल काढून डोळे टिपायला लागले.

"मिरची," हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले, "फार तिखट आहे आज."

चिवडा अजिबात तिखट नव्हता. पण आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि इन्स्पेक्टरांनी पाण्याचा तांब्या मास्तरांच्या पुढे सरकवला.